बेळगावात छोटा फ्लॅट: आधी गल्ली, मग घर, मग कन्नड कागद

बेळगावात घर शोधायला मराठी पुरते. एजंट मराठी बोलतो, मालक बोलतो, कोपऱ्यावरचा किराणावाला तर तुम्ही गल्लीत दोनदा वर-खाली केलंत की आपणहून विचारतो, "घर बघालाय काय?" अडचण येते ती त्यानंतर. पैसे द्यायची वेळ आली की समोर येणारा जवळपास प्रत्येक कागद कन्नडमध्ये असतो: विजेचं बिल, खाता (महापालिकेच्या दप्तरातली मिळकतीची नोंद), घरफाळ्याची पावती, बोजाचा दाखला. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी हे गाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे जुन्या वाड्यांचे दस्त मराठीत, काही तर मोडीतही सापडतात. त्यानंतरचं सरकारी दप्तर कन्नड.

हा लेख कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गाकडून नोकरीला, शिकायला किंवा दवाखान्याच्या कामानं इथं राहायला येणाऱ्यांसाठी आहे. खानापूर-निपाणीकडच्या ज्यांनी बेळगाव फक्त बाजारापुरतं पाहिलंय, त्यांनाही तो उपयोगी पडेल. डोळ्यांसमोर एक किंवा दोन बेडरूमचा फ्लॅट ठेवलाय. बंगलेवाल्यांचे प्रश्न वेगळे.

पहिलं काम: भाग ठरवा

सहाशे फुटांच्या फ्लॅटमध्ये पोरं खेळणार कुठं, दुसरी गाडी लावणार कुठं, आई संध्याकाळी बसणार कुठं, या सगळ्याची उत्तरं घराबाहेर असतात. म्हणून फ्लॅटचे फोटो बघत बसण्याआधी भाग पक्का करा.

टिळकवाडी आणि हिंदवाडी हे मराठी मध्यमवर्गाचे जुने भाग. आरपीडी, जीएसएस ही कॉलेजं इथंच, डॉक्टर पावलापावलावर, आणि सकाळी फिरायला व्हॅक्सिन डेपोचं झाडीचं मैदान. १९२४ चं गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशन याच बाजूला भरलं होतं, काँग्रेस रोड हे नाव त्यावरून. भाव मात्र त्याच तोऱ्यात असतात. जुन्या तीन मजली इमारतींत लिफ्ट नसलेले फ्लॅट जरा स्वस्तात मिळतात. गुडघे चांगले असतील तर ते सोडू नका.

अनगोळ, भाग्यनगर हे त्याला लागून, थोडे नवे, थोडे परवडणारे. उद्यमबागेत फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये किंवा जीआयटी कॉलेजात काम असेल तर याहून सोयीचं दुसरं काही नाही. मच्छेला व्हीटीयूत नोकरी असली तरी हीच बाजू बरी, कारण गाव ओलांडावं लागत नाही.

शहापूर, वडगाव, खासबाग हे विणकरांचे भाग. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, त्यामुळे त्याची स्वतःची बाजारपेठ आणि स्वतःचा तोरा आहे. इथं घर बघायला रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी दुपारी जा आणि खिडकी उघडून उभे राहा. शेजारच्या घरात यंत्रमाग असेल तर त्याची खटखट भिंतीतून येते. काहींना आठवड्याभरात सवय होते, काहींना कधीच होत नाही. रात्रपाळीची नोकरी असेल तर स्वतःला फसवू नका. बाकी माणसं जिवाला जीव देणारी आणि भाडं टिळकवाडीपेक्षा कमी.

हिंडलगा, विजयनगर, गणेशपूर या पश्चिमेकडच्या भागांत लष्करातून निवृत्त झालेली कुटुंबं पुष्कळ. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच असल्यानं कित्येकजण पेन्शनीनंतर गावी न जाता इथंच घर बांधून राहिले. शांत, मोकळा भाग, पण दुचाकी नसेल तर अडकल्यासारखं होतं. या वाटेवर कॅम्प लागतो. कॅम्प महापालिकेत येत नाही, तिथं कॅन्टोन्मेंट बोर्डाचा कारभार. झाडी बघून कुणाचंही मन तिथं जातं, पण जागा लष्करी नियमांखाली असल्यानं फ्लॅट थोडे आणि विकत घेणं किचकट. भाड्यानं मिळाला तर जरूर घ्या.

केएलई हॉस्पिटल, जेएनएमसी किंवा सिव्हिलमध्ये शिकणाऱ्या-काम करणाऱ्यांनी नेहरूनगर, सदाशिवनगर, हनुमाननगर, कुवेंपूनगर बघावं. इथं कन्नड जास्त कानावर पडेल आणि विद्यार्थ्यांमुळे भाडी चढलेली असतील. महांतेशनगर, रामतीर्थनगर ही आखीव वसाहतींची बाजू. रस्ते सरळ आहेत, पण मराठी माध्यमाची शाळा हवी असेल तर रोज गावात यावं लागेल.

राहता राहिलं जुनं गाव: गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार, नार्वेकर गल्ली. बाजार पायाखाली. १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय चालत जायच्या अंतरावर. पण चारचाकी असेल तर विचार सोडा. आणि वर्षातून दोनदा मिरवणुका तुमच्या दारातून जाणार. बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते आणि रात्रभर चालते. गणपती विसर्जनाची तर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. ज्याला हे आवडतं त्याला जगात दुसरीकडे घर मिळालं तरी नको असतं. घरात तान्हं बाळ किंवा हृदयाचा पेशंट असेल तर मात्र गल्लीच्या आतल्या बाजूचा फ्लॅट बघा.

दुसरं: गेट

हुबळी-मिरज रेल्वेमार्ग शहराच्या मधून जातो. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं, चौथं अशी रेल्वे फाटकांची नावंच पत्ते झालीत. तिसऱ्या गेटवर, गोगटे सर्कलला, कपिलेश्वराजवळ पूल झालेत. तरी टिळकवाडीतल्या गेटांवर ताटकळणं संपलेलं नाही. एजंट सांगेल, "शाळा इथंच की, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं गेट उघडं असतानाची. घरापासून शाळा किंवा कामाच्या वाटेत गेट येतं का, ते स्वतः सकाळी साडेनऊला जाऊन बघा. एका बाजूला घर, त्याच बाजूला शाळा असं जमत असेल तर भाड्यात हजारभर रुपये जास्त गेले तरी चालतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

घर बघायला कधी जायचं

जून ते सप्टेंबर. लोक उन्हाळ्यात, शाळा बदलायच्या आधी घर बघतात आणि सोयीचं तेच असतं हे खरं. पण बेळगावचं घर खऱ्या अर्थानं दिसतं ते जुलैत. गाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीला लागून. पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो आणि आठवडेच्या आठवडे थांबत नाही. त्यामुळे प्रत्येक इमारतीची पश्चिम आणि नैर्ऋत्य भिंत सगळ्यात आधी खचते. मेमध्ये बघायला गेलात तर पुढचं सगळं तपासा.

पश्चिमेकडच्या खोलीत भिंतीतलं कपाट असेल तर ते उघडा आणि तोंड आत घालून वास घ्या. कुबट वास रंगानं झाकता येत नाही. खालच्या कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यावरून बोट फिरवा. पांढरी, मिठासारखी पूड लागली तर त्या भिंतीत दरवर्षी ओल धरते. एकाच खोलीला नुकताच रंग दिलाय आणि बाकी घर जुनंच आहे, तर त्या खोलीत पोपडे होते. खिडकीखालचा स्विचबोर्ड बघा, स्क्रू गंजलेत का. सगळ्यात वरचा मजला असेल तर गच्चीवर जा. बेळगावात बऱ्याच इमारतींवर गच्चीला पत्र्याचं छप्पर घातलेलं दिसेल. ते दिसायला बरं नसतं, पण त्याच्या खालचं घर कोरडं राहतं. पत्रा नसेल तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला विचारा, पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागतात का. शेजारी खरं सांगतात. मालकाला विचारून उपयोग नाही.

तळमजला घेताना दुसरी काळजी. बळ्ळारी नाला, लेंडी नाला हे पावसाळ्यात फुगतात. शहापूर-वडगावच्या शिवाराकडचा भाग असेल तर कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ आहे का बघा, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं ते गल्लीत विचारा. ते साल सगळ्यांच्या लक्षात आहे.

पाणी

शहराला पाणी येतं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून. २००८ साली काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला, बाकीकडे ती योजना टप्प्याटप्प्यानं पुढे सरकतेय. तुमच्या वाट्याला कुठलं बेळगाव येतंय, ते गल्लीवर अवलंबून. एकाच भागातल्या दोन गल्ल्यांत नळाला पाणी यायचे दिवस वेगळे असतात. "पाणी भरपूर आहे" या वाक्यावर समाधान मानू नका. विचारायचं ते असं: पाणी किती दिवसांनी येतं? किती वाजता? आलं की मोटर कोण चालू करतं?

तिसरा प्रश्न छोट्या इमारतीत सगळ्यात महत्त्वाचा. वॉचमन नसलेल्या आठ-दहा फ्लॅटच्या इमारतीत संप (जमिनीखालची टाकी) भरणं, मोटर लावणं, वरची टाकी वाहायला लागली की बंद करणं हे कुणातरी एका घराचं काम होऊन बसतं, आणि नवा भाडेकरू आला की ते त्याच्या गळ्यात पडतं. आधीच ठरवून घ्या. संपचं झाकण उचलून आत बघा, आकार डोळ्यांनी कळतो आणि गाळही. बोअर असेल तर ती एप्रिलमध्ये चालते का, हे विचारा. जुन्या गावात विहिरी पुष्कळ आहेत आणि काही इमारती अजून त्यांवर चालतात. कपडे-भांड्यांना ते पाणी उत्तम, पिण्यासाठी फिल्टर लावा.

भाडं, डिपॉझिट आणि लीज

'तरुण भारत' आणि 'पुढारी'तल्या छोट्या जाहिराती, फ्लॅटच्या गेटवरचे 'भाड्याने देणे आहे'चे बोर्ड आणि ओळखीचा माणूस, या तीन वाटा अजून मोबाइलवरच्या ॲपांपेक्षा चांगल्या चालतात. एजंट साधारण एका महिन्याचं भाडं कमिशन घेतो. शाकाहारीच हवेत, नोकरदारच हवेत, मुलं-मुली एकत्र नकोत, अशा अटी तोंडावर सांगितल्या जातात. वाद घालण्यात अर्थ नाही, पुढचं घर बघा.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे लीज. इथं 'लीजवर घर आहे' म्हणाले तर अर्थ असा की तुम्ही एकरकमी मोठी रक्कम, समजा पाच लाख, मालकाला द्यायची आणि दोन-तीन वर्षं बिनभाड्यानं राहायचं. जाताना तेवढेच पाच लाख परत. मालक त्या पैशांवर आपलं कर्ज फेडतो, पोरीचं लग्न काढतो किंवा व्यवसायात घालतो. तुम्हाला भाडं वाचल्यासारखं वाटतं. हिशेब साधा आहे: तेच पाच लाख मुदत ठेवीत ठेवले तर महिन्याला व्याज किती आलं असतं, आणि तसल्याच फ्लॅटचं भाडं किती आहे. भाडं व्याजापेक्षा बरंच जास्त असेल तरच लीज परवडते.

धोका दुसरीकडे असतो. पैसे परत द्यायच्या दिवशी मालकाकडे ते असतीलच असं नाही. "नवा लीजवाला मिळाला की देतो" हे वाक्य इथं फार जुनं आहे. शिवाय घरावर बँकेचा बोजा असेल आणि हप्ते थकले, तर बँक घरावर येते तेव्हा तुमचा साधा करार तिला फारसा अडवत नाही. म्हणून लीज घ्यायची असेल तर तीन गोष्टी सोडू नका. पैसे चेकनं किंवा आरटीजीएसनं द्या, रोख अजिबात नाही. पुढे ज्याचं सांगितलंय तो ईसी (बोजाचा दाखला) काढून बोजा तपासा. आणि करार नोंदणी कार्यालयात जाऊन नोंदवा. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या लीजचा दस्त कायद्यानं नोंदवावाच लागतो. भाड्याचे करार सगळीकडे अकरा महिन्यांचे असतात ते नेमकं यासाठी. तीन वर्षांची लीज नुसत्या नोटरीच्या सहीवर केली, तर भांडण कोर्टात गेल्यावर तो कागद फार कामाला येत नाही.

साध्या भाड्याच्या करारासाठी ई-स्टँप लागतो. करार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये टाइप होतो. इंग्रजीत करून घ्या, दोघांनाही वाचता येतो. रंगाचे पैसे कोण देणार, मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, दरवर्षी वाढ किती आणि घर सोडताना किती आधी सांगायचं, हे चार मुद्दे त्यात लिहून घ्या. बाकीचं बहुतेक छापील असतं.

विकत घेत असाल तर

पुण्या-कोल्हापूरकडून आलेला माणूस पहिल्यांदा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मागतो. ते इथं सहसा मिळत नाही. कर्नाटकात फ्लॅटची मालकी सेल डीडवरून ठरते, त्यात फ्लॅटसोबत जमिनीचा अविभक्त हिस्सा लिहिलेला असतो. तो किती चौरस फूट आहे ते बघा. १९७२ च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली मालकांची असोसिएशन करता येते, पण छोट्या इमारतींत ती बऱ्याचदा कागदावरही नसते. मग लिफ्ट बिघडली की वर्गणी काढायची.

कागद बघण्याचा क्रम असा ठेवा. आधी जागेचा सिटी सर्व्हे उतारा, सीटीएस नंबरसह. शेतजमिनीवर इमारत असेल तर बिगरशेतीचा आदेश, आणि लेआउट असेल तर बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी. मग महापालिकेचा बांधकाम परवाना आणि इमारत पुरी झाल्याचा दाखला. शेवटचा कागद नाही असं पुष्कळ ठिकाणी ऐकाल आणि "सगळ्यांचं असंच आहे की" असंही. पूर्वी ते खपत होतं. २०२४ च्या डिसेंबरमधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर इमारत पुरी झाल्याच्या दाखल्याशिवाय नव्या इमारतींना वीज-पाण्याची कायमची जोडणी मिळणं कठीण झालंय. त्यामुळे नव्या इमारतीत तुमच्या फ्लॅटचा स्वतःचा मीटर बसलाय का, की बिल्डरच्या तात्पुरत्या कनेक्शनवर दिवे लागलेत, हे खाली मीटरच्या खोलीत जाऊन बघा.

रेरा नोंदणी मागा, पण नसेल म्हणून लगेच घाबरू नका. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या इमारतीला ती लागत नाही, आणि जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारती बहुधा त्यातच बसतात. मात्र अशा ठिकाणी तक्रार करायला रेरा नाही, हे किमतीत धरा. वाड्याच्या जागेवर आणखी एक बघायचं: वाटण्या. सगळ्या भावांच्या, बहिणींच्याही सह्या झाल्यात का. मुंबईला दिलेल्या आत्याची सही राहिली म्हणून व्यवहार अडलाय, ही गोष्ट तुम्हाला दर चौथ्या गल्लीत ऐकायला मिळेल.

त्यानंतर खाता. २०२४ च्या ऑक्टोबरपासून राज्यभर दस्त नोंदवायला ई-खाता सक्तीचा झाला. ए-खाता असेल तर ठीक. बी-खाता म्हणजे मिळकत नियमांत पुरती बसलेली नाही, पण कर घेण्यासाठी नोंद आहे. बी-खात्यावर कर्ज द्यायला बँका कुरकुरतात, आणि पुढे विकताना तुमच्यासमोरही तोच प्रश्न येईल. स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका, वकिलाला दाखवून मग ठरवा.

ईसी म्हणजे त्या मिळकतीवर कुठले कुठले नोंदलेले व्यवहार झाले त्याची यादी. 'कावेरी' या सरकारी पोर्टलवरून तो घरबसल्या मागवता येतो. तो कन्नडमध्ये येतो आणि पहिल्यांदा बघताना डोळे फिरतात. पण तो ओळीनं वाचायचा नसतो. प्रत्येक नोंदीत देणारा आणि घेणारा अशी नावं असतात. शेवटच्या नोंदीतला घेणारा तुमच्यासमोर बसलेला विक्रेताच आहे का, हे आधी बघा. मग बँकेचं किंवा सहकारी संस्थेचं नाव कुठं येतंय का ते शोधा. आलं असेल तर खालच्या नोंदींत ते कर्ज फिटल्याचा दस्त आहे का? नसेल तर बोजा उभा आहे. एवढं कन्नड शेजारचा दहावीतला मुलगाही वाचून दाखवतो, कारण इथं मराठी शाळेतही कन्नड शिकवतात. पण पैसे देण्याआधी वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध घ्या. हे काम वशिल्यावर नको, फी देऊन करा.

खर्चाचा अंदाज: नव्या फ्लॅटच्या पहिल्या खरेदीला स्टँप ड्युटी २० लाखांपर्यंत २ टक्के, ४५ लाखांपर्यंत ३ टक्के, त्यापुढे ५. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणारा जुना फ्लॅट असेल तर ५ टक्केच धरा. त्यावर उपकर आणि अधिभार असतो. नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ वरून २ टक्के झाली, त्यामुळे मित्रानं दोन वर्षांपूर्वी किती भरले त्यावर हिशेब मांडू नका.

राहायला आल्यावर

पहिल्या दिवशी विजेच्या मीटरचा आणि भिंतींचा मोबाइलवर फोटो काढून मालकाला पाठवा. तारीख आपोआप राहते.

वीज हेस्कॉमची. बिलावर आरआर नंबर (जोडणीचा क्रमांक) असतो, तो लिहून ठेवा, सगळं त्याच्यावर चालतं. २०२३ च्या गृहज्योती योजनेत घरगुती वापराला २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे, आणि भाडेकरूंनाही ती मिळते. पण प्रत्येकाला सरसकट २०० नाही. आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून मर्यादा ठरते. नव्या ग्राहकाला, ज्याची मागची सरासरीच नाही, महिन्याला ५८ युनिट धरतात. मर्यादेच्या वर पण २०० च्या आत वापर गेला तर वरच्या युनिटचं बिल, २०० ओलांडले की सगळंच बिल. आधीच्या भाडेकरूचा आधार त्या आरआर नंबराला जोडलेला असेल तर तुमचा अर्ज अडतो. त्यानं आपलं नाव काढल्याशिवाय पुढं सरकत नाही, म्हणून तो सामान हलवायच्या आधी त्याच्याकडून हे करून घ्या. एकदा गेला की फोन उचलत नाही.

घरफाळा मालकानं भरायचा. तुम्ही मालक असाल तर एप्रिलमध्ये भरा, पाच टक्के सूट मिळते.

आधारवरचा पत्ता बदलायला नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. बायकांसाठी हे लवकर करण्यासारखं आहे. शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये प्रवास मोफत आहे, पण कंडक्टर कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र बघतो. शहरातल्या बसच्या पाट्या बहुतेक कन्नडमध्ये. कन्नड आकडे पाठ करून ठेवा, आठवड्यात जमतात, आणि जुन्या पावत्यांवरही तेच उपयोगी पडतात. रिक्षावाल्याला बसायच्या आधी भाडं विचारा.

गाडीला एमएच नंबर असेल तर कायद्यानं बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथं पुन्हा नोंदवावी लागते. जुन्या आरटीओची एनओसी आधी आणा. कर्नाटकाचा रोड टॅक्स जड आहे, त्यामुळे जुनी गाडी इथं आणण्यापेक्षा विकणं बरं पडतं का, तो हिशेब करून बघा.

मुलांच्या शाळेचं एक लक्षात घ्या. २०१५ च्या कायद्यानुसार कुठल्याही माध्यमाच्या शाळेत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते. सहावी-सातवीतल्या मुलाला एकदम आणलंत तर त्याला पहिलं वर्ष जड जाईल. शिकवणी लावा. पहिलीतल्याला काही होत नाही, तो दिवाळीपर्यंत गल्लीतल्या पोरांशी दोन्ही भाषांत भांडत असतो.

किराणा कुठंही मिळतो. भाजी मात्र कडोली, उचगाव अशा आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या बायकांकडून घ्या, सकाळी लवकर. इथली लाल रताळी आणि बेळगाव बासमती तांदूळ शेतकऱ्याकडून घेतला तर भावही बरा पडतो. कुंदा कुठला चांगला, यावर घरोघर वेगळं मत असतं आणि त्यात नवख्यानं पडू नये.

तारखांचं थोडं भान ठेवा. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषिकांचा काळा दिन. चन्नम्मा सर्कल आणि आसपासचे रस्ते बंद असतात. त्या दिवशी सामान हलवू नका. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. त्या दिवसांत घर बघायला येऊन लॉजवर राहायचा बेत असेल तर खोली मिळणं मुश्कील. आणि सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस थांबतात. गावाकडे जायचं अगदी गरजेचं असेल तर मिरजेकडे जाणारी रेल्वे बघा, ती सहसा चालू असते.